साचा काढू नये

१

शकुंतलाबाईंना बोलावलं होतं ते सहीसाठी. तपासासाठी नव्हे. आणि हे त्यांना कधी कळलं? हिंगणघाटला पोचून, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून, खुर्चीत टेकल्यावर!

"तक्रार तयारच आहे मॅडम," म्हणत गोपालशेठनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "चार वाजता ठाण्यात द्याची आहे. तुमी टेलिफोन खात्यात मोठ्या इंजिनिअर होत्या. तुमचा दाखला जोडला का पोलीस लवकर हलतील. बस, इथं खाली सही."

बाईंनी चष्मा लावून वाचलं. कंपनीची कर्मचारी कु. मयुरी, राहणार अल्लीपूर, हिने सूडबुद्धीने कंपनीच्या क्लाउड सर्व्हरांना आपल्या एकटीच्या किल्लीचे कुलूप लावून कामकाज बंद पाडले, वगैरे वगैरे. चोवीस वर्षांच्या मुलीवर एवढा आरोप, आणि खाली बाईंच्या नावासाठी आधीच रेघ मारून ठेवलेली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेहतीस वर्षं त्यांनी सिंदीपासून वडनेरपर्यंतच्या तारा तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर पोरांकडून सर्व्हरचं काम शिकून घेतलं होतं. पण खांबावर माणूस चढल्याशिवाय फॉल्टच्या कागदावर त्यांनी आजवर कधी सही केली नव्हती.

गोपालशेठच्या आजोबांचा कापसाचा व्यापार, वडिलांचा सरकी काढायचा जिनिंग कारखाना आणि आता जिनिंगच्या वरच्या मजल्यावर शेठची ही सॉफ्टवेअर कंपनी. शेतकऱ्यानं मोबाइलवर कापसाची नोंदणी करायची, त्याला माल आणायचा दिवस मिळायचा, असं काम. गर्दी वाढली की क्लाउडवर नवे सर्व्हर आपोआप तयार होत. एक नमुना करून ठेवलेला असे, त्याला सगळे 'साचा' म्हणत, आणि त्याच्यावरून माणसाचा हात न लागता हवी तेवढी यंत्रं निघत. त्यांना नावंही गावांची.

सोमवारी हंगामातली पहिली गर्दी उसळली आणि दोन नवी यंत्रं निघाली, एक अल्लीपूर आणि एक वडनेर. दुपारपर्यंत दोन्ही तुंबली. आत जाऊन मोकळी करावीत म्हटलं तर दारच उघडेना. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपमधली किल्ली लावून झाली, दर वेळी एकच उत्तर, परवानगी नाकारली. मंगळवारी मयुरीच्या जुन्या किल्लीनं दार उघडलं आणि त्याच दुपारी तिला चोर ठरवून झालं. पुरावा राहावा म्हणून यंत्रं तशीच तुंबलेली ठेवली. आज बुधवार.

बाईंनी कागद परत सरकवला. शेठच्या डोक्यामागे भिंतीवर दसऱ्याच्या पूजेचा मोठा फोटो फ्रेम करून लावला होता. स्क्रीनला झेंडूचा भरगच्च हार, कीबोर्डच्या कडेला आपट्याची पानं, शेठच्या डाव्या हातात नारळ, उजव्या हाताचं बोट एका बटनावर, बाजूला हात जोडलेला एक तरुण आणि मागे भिंतीवरचं घड्याळ. मोठ्या हौसेनं काढलेला फोटो होता.

"सही करीन," बाई म्हणाल्या, "पण आधी मशीन पाहीन. आन शेठ, बाहेर चपलांच्या मांडणीपाशी एक माणूस पायरीवर बसून आहे. तो कोण?"

"तो?" शेठनी हात झटकला. "पोरीचा बाप."

२

बाई तडक बाहेर गेल्या. नानाजी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, बाईंना पाहून उठले. अल्लीपूरला त्यांनी तीस वर्षं टपाल वाटलं होतं.

"कधीपासून बसले तुमी इथं?"

"दोन तास झाले जी. आत जागा नाई म्हणाले." आत सहा रिकाम्या खुर्च्या बाईंनी स्वतः पाहिल्या होत्या. "मॅडम, तीस वर्षं लोकायच्या रजिस्ट्र्या वाटल्या मी. कोणाचं पाकीट कधी फोडलं नाई. आन माह्या पोरीनं दुसऱ्याच्या दाराले कुलूप लावलं म्हणतात! तो कागद एकदा ठाण्यात गेला का तिले जिंदगीत कोण काम देईन, सांगा बरं?"

बाईंनी आत पाहून हाक मारली. नेटवर्कचं काम पाहणारा नीलेश खुर्ची घेऊन धावत आला. नानाजींनी खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको जी. पोरीचं नाव साफ झालं का बसीन."

बाईंनी खुर्ची तिथेच ठेवायला सांगितली. त्या आत वळल्या आणि त्यांनी आधी धनंजयला गाठलं. कंपनीतला सगळ्यात जुना इंजिनिअर. दसऱ्याच्या फोटोतला हात जोडलेला तरुण तोच. त्याच्याकडे सगळं तोंडपाठ तयार होतं.

"मॅडम, तीन पुरावे आहेत. एक, नवी यंत्रं फक्त मयुरीच्या जुन्या किल्लीनं उघडतात. दोन, हा साचा दसऱ्याच्या दिवशी आठ पन्नासला निघाला, क्लाउडच्या नोंदीतच आहे. खातं आमचं सामायिक, पासवर्ड तिलाही माहीत. सकाळी आठ पन्नासला ऑफिस बंद होतं, मी घरी वडनेरला गाडी धूत होतो. आणि तीन, बंद पडलेल्या यंत्राचं नावच अल्लीपूर! तिचं गाव!"

"बंद तर दोन पडले ना?"

"हो. दुसरं वडनेर."

"आन वडनेर कोणाचं गाव रे बापा?"

बाजूला नीलेश खोकल्याचं निमित्त करून हसला.

"म्हणजे तो पुरावा गेला," बाई म्हणाल्या. "दोन राह्यले. पण ते दोन पक्के दिसून राह्यले." आणि खरोखरच, ते दोन त्यांना मनातून घाबरवत होते.

३

मयुरीला मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. मोबाइल काढून घेतलेला! कोणत्या कायद्यानं, ते बाईंनी विचारलं. मोबाइल लगेच परत आला.

मुलगी रडत नव्हती. तिचे कान लाल झाले होते.

"आता मले सांग," बाई समोर बसल्या. "नवं यंत्र जन्माले आलं का दाराले किल्ल्या कोण लावते?"

"ते स्वतःच लावते मॅडम. तो प्रोग्राम मीच लिहिला. यंत्र पहिल्यांदा सुरू झालं का आमच्या यादीतून सगळ्यायच्या किल्ल्या आणते, दाराले लावते, आन मग आपल्या आत एक खूण करून ठेवते, का हे काम झालं. खूण दिसली का पुन्हा ते काम करत नाई."

"मग सोमवारच्या यंत्रानं काऊन नाई केलं?"

"मले आत जाऊन पाहूच देत नाईत!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीले, मी नव्या साच्यासाठी एक यंत्र तयार करत होती. त्याच्यावर मी कामापुरती फक्त माही किल्ली लावली आन खूण करून ठेवली होती. काम अर्धं राह्यलं. साचा काढायच्या आधी ते सगळं पुसाचं होतं. दुसऱ्या दिवशी माही सुटी, बाबांसंग दीक्षाभूमीवर जायचं होतं. म्हून मी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली. सफाई बाकी आहे, साचा काढू नये, खाली माझं नाव."

"आन परत आल्यावर?"

"साचा निघालेला होता. चिठ्ठी नव्हती. मी धनंजयसरांना विचारलं, तर म्हणाले, मी सफाई करून काढला, तू तुझं काम पाहा. मी विश्वास ठेवला. दिवाळीनंतर सगळ्यायले नवे लॅपटॉप भेटले, नव्या किल्ल्या झाल्या, जुने लॅपटॉप कपाटात गेले. आता सर म्हणतात, चिठ्ठी कधी नव्हतीच."

बाईंनी वही उघडली. "दसऱ्याच्या सकाळी आठ पन्नासले तू कुठं होतीस?"

"अल्लीपूरच्या स्टँडवर. बस यायची होती."

"मोबाइलवर नेट होतं?"

मयुरीनं मान खाली घातली. खोटं बोलली असती तर सुटली असती, ते तिलाही कळत होतं.

"होतं मॅडम. चांगलं होतं. मनात असतं तर मी तिथूनही साचा काढू शकली असती."

४

"चल नीलेश, घंटी वाजवून पाहू," म्हणत बाई संगणकापाशी बसल्या. त्यांची पद्धत टेलिफोनच्या काळातलीच होती. फोन लागत नाही म्हणून सगळे बोंबलतात, पण कोणी विचारत नाही की घंटी जाते का, पलीकडे कोणी उचलतं का, की उचलून 'तुम्हाला ओळखत नाही' म्हणतं.

त्यांनी अल्लीपूर यंत्राला हाक दिली. उत्तर आलं. दार दिसलं, कुलूप दिसलं. नीलेशची किल्ली लावली. परवानगी नाकारली.

"म्हणजे रस्ता साफ आहे. तुह्या नेटवर्कमधे काई खोट नाई."

"सोमवारी पह्यले माह्यावरच खापर फोडलं होतं मॅडम," नीलेश म्हणाला. "सगळ्यायसमोर बोलले शेठ. नंतर कोणी 'चुकलं' पण म्हटलं नाई."

"ते इथं रिवाजात दिसत नाई. जुने लॅपटॉप दाखव."

नीलेशनं कपाट उघडलं. पाच जुने लॅपटॉप ओळीनं ठेवले होते. प्रत्येकाच्या तोंडावर कागदी पट्टी, पट्टीवर शेठची सही, वर कोणाचा ते नाव. चार पट्ट्या शाबूत होत्या. फाटलेली एकच, मयुरीच्या लॅपटॉपची.

बाईंनी चारही शाबूत पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ह्या दुसऱ्या कोणी उघडून पुन्हा चिकटवल्या का?"

"छे. मंगळवारी सकाळी धनंजयसर आले, हा एक काढला, गेले."

"सरळ हाच?"

"सरळ हाच."

बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मग त्याच लॅपटॉपवरून जुनी किल्ली लावली. दार उघडलं. मयुरीनं सांगितलेली खूण कुठे असते ते पाहून त्या तिथे गेल्या. खूण होती. आणि खुणेसमोर तारीख होती.

नीलेशनं वाकून वाचलं. "हे कसं काय? यंत्र तर परवा निघालं. खूण नवमीची?"

"परवा जन्मलेल्या लेकराच्या हातात दसऱ्याआधीचं लसीकरणाचं कार्ड!" बाईंनी टेबलावर थाप मारली. "दुसरं यंत्रही पाहा, तेच निघन. अरे, यंत्रानं जन्मल्याबरोबर खूण पाह्यली, समजलं आपलं काम झालेलं आहे, आन किल्ल्या आणल्याच नाईत. दारावर राह्यली ती नवमीची एकटी जुनी किल्ली. कोणी कुलूप नाई लावलं, बापा. न पुसलेल्या यंत्राचा कोणीतरी साचा काढला!"

"म्हणजे मयुरी सुटली?"

"कुठं सुटली? यंत्र तिचं, किल्ली तिची, आन वेळ आठ पन्नास. धनंजय म्हणन, तिनंच न पुसता काढला. मुद्दाम." बाई उठल्या. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. "ते आठ पन्नासची नोंद मले माह्या डोयानं पाहायची आहे."

५

नोंद सगळ्यांसमोर उघडायला लावली. शेठच्या केबिनमध्ये शेठ, धनंजय, नीलेश आणि मयुरी. नानाजी दाराशी उभे होते, त्यांना आत घ्यायला बाईंनी कोणाला विचारलं नाही.

"हे पाहा," धनंजयनं बोट ठेवलं. "दसऱ्याची तारीख. आठ पन्नास."

"आन त्याच्यापुढं हे काय लिहून आहे?"

"ते... ते असतंच मॅडम. तांत्रिक आहे."

"तांत्रिक!" बाईंचा आवाज आता खरोखर जिनिंगमध्ये ऐकू गेला असेल. "तेहतीस वर्षं मी तांत्रिकच केलं. परदेशचे फोन जोडत होतो आमी. हे जागतिक वेळ आहे धनंजय. क्लाउडचं घड्याळ हिंगणघाटच्या घड्याळावर चालत नाई, साडेपाच तास मागं असते. हे तुले माहीत नाई, असं तू माह्या तोंडाकडे पाहून म्हण!"

धनंजयनं तोंडाकडे पाहिलं नाही.

"शेठ, मिळवा. आठ पन्नासमधे साडेपाच तास."

गोपालशेठनी बोटांवर मोजलं. "दोन... दोन वाजून वीस. दुपारी?"

"दुपारी. सकाळी अल्लीपूरच्या स्टँडवर कोण होतं त्याच्याशी आपल्याले काई देणंघेणं नाई."

"पण दुपारी दोन वीसलासुद्धा ती मोबाइलवरून..." धनंजय ततपप करू लागला. "मी तर त्या दिवशी..."

"तू त्या दिवशी घरी गाडी धूत होता. दुपारी इथं हात जोडून कोण उभं आहे मग?"

आणि बाईंनी शेठच्या डोक्यामागे बोट दाखवलं. सगळे वळले. फोटोतल्या भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

६

"फ्रेम खाली काढा," बाई म्हणाल्या. नीलेशनं काढून टेबलावर ठेवली. बाईंनी मोबाइलचा कॅमेरा धरून चित्र मोठं केलं.

"शेठ, दसऱ्याले दुपारी दोन वाजता काय केलं तुमी?"

"विजय मुहूर्त होता," शेठ म्हणाले. "आमच्या घरी आजोबांपासून रिवाज आहे, नवं काम दसऱ्याच्या मुहूर्तावर. हंगामासाठी नवा साचा करायचा होता. धनंजय म्हणाला, पोरगी सुटीवर आहे, दोन दिवस थांबा. मी म्हटलं, मुहूर्त काय दोन दिवस थांबतो का? तर त्यानं सगळं लावून दिलं. आठ पन्नासचा साचा वेगळा, पोरीनं सकाळी काढलेला, असं तो काल मले म्हणाला. आन त्या दिवशी मी..."

ते थांबले.

"आन तुमी हातात नारळ धरून बटन दाबलं. तुमच्या या बोटानं. हे पाहा, फोटोत दाबून राह्यले तुमी." बाईंनी चित्र आणखी मोठं केलं आणि झेंडूच्या हाराच्या वरच्या टोकाशी नेलं. दोन फुलांच्या मधून कागदाचा एक पिवळा कोपरा डोकावत होता. फुलाचाच भाग वाटावा असा. त्याच्यावर कुंकवाचं बोट लागलं होतं, आणि कुंकवाखाली निळ्या पेननं लिहिलेलं दिसत होतं. *साचा काढू नये. मयुरी.*

मयुरीनं वाकून आपलं अक्षर पाहिलं.

"मनाईच्या चिठ्ठीले कुंकू लावून पूजा केली तुमी," बाई म्हणाल्या. "आन मग त्या चिठ्ठीच्या नाकासमोर साचा काढला. वाचाची तसदी कोणी घेतली नाई, पोरीनं लिहिलेलं होतं ना! धनंजय, तू वाचली होती. नंतर काढून फेकली."

धनंजय कोसळल्यासारखा बोलू लागला. "मॅडम, शेठ ऐकत नव्हते. मला वाटलं, नंतर सफाई करून दुसरा साचा काढू. राहून गेलं. सोमवारी दार उघडेना तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझी नोकरी..."

"तुझी नोकरी! म्हून पाच लॅपटॉपांतून सरळ तिचाच काढला. तुले माहीत होतं नवमीले कोणाची किल्ली होती. दुसऱ्या एकाची पट्टी उघडून पाह्यली असती तरी मी तुले शंकेचा फायदा दिला असता. आन पुरावा जपायच्या नावाखाली कालपासून यंत्रं तुंबवून ठेवली! तिकडे लोक कापूस झाकून मोबाइल दाबत बसले, त्यायचं काय?"

गोपालशेठनी घसा साफ केला. तक्रारीचा कागद हळूच दुमडून ड्रॉवरकडे नेला. "बरं, जे झालं ते झालं. गैरसमज होता. मयुरी, तू उद्यापासून ये कामावर. विषय संपला."

"कसा संपला?" बाईंनी कागदावर हात ठेवला. "मले सहीसाठी बोलावलं होतं ना? सही करूनच जाईन." त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला, उभ्यानंच, मोठ्या अक्षरात लिहिलं. मग खाली तारीख घातली, सही केली आणि कागद शेठच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्यानं."

"मॅडम, हे आपसात..."

"आरोप आपसात नव्हता केला तुमी. बापाले दोन तास चपलांपाशी बसवून केला."

शेठनी एकदा नीलेशकडे पाहिलं, एकदा दाराकडे. कोणी त्यांच्या मदतीला आलं नाही. ते उभे राहिले आणि वाचू लागले.

"सदर यंत्रांना कोणीही कुलूप लावलेले नाही. सफाई न झालेल्या यंत्राचा साचा दसऱ्याच्या दिवशी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी कंपनीच्या मालकांनी..." ते अडखळले.

"पुढं."

"...मालकांनी स्वहस्ते काढला. कु. मयुरी यांनी तसे न करण्याची लेखी सूचना आदल्या दिवशीच दिली होती. त्यांचा काडीचाही दोष नाही. पुरावा मालकांच्या भिंतीवर टांगलेला आहे."

मयुरीनं तोवर जुना लॅपटॉप पुढे ओढला होता. "बाबा, दहा मिनिटं थांबता का?" ती म्हणाली. "नोंदणी मोकळी करून देतो. ते लोक तिकडे ताटकळून राह्यले, त्यायचा काय कसूर? मग जाऊ. उद्याचं मी उद्या सांगीन शेठले, यायचं का नाई ते."

"कर बेटा," नानाजी म्हणाले.

नीलेश बाहेरून मघाची खुर्ची घेऊन आला आणि केबिनच्या मधोमध ठेवली. गोपालशेठ अजून कागद धरून उभेच होते. नानाजींनी पिशवी खाली ठेवली, सदरा नीट केला आणि खुर्चीत बसले.